दुखणे कोपराचे, तपासणी मानेचीही : जुनाट कोपरदुखीत मणक्यांच्या हस्तोपचाराचे स्थान

(आरोग्य-प्रबोधन लेख : भौतिकोपचार विभाग)

कष्टकरी माणसाविषयी बोलताना ‘त्याचे हातावर पोट आहे’ असे आपण सहज म्हणून जातो. या शब्दांची खरी प्रचीती भौतिकोपचार विभागात येते. कोपराच्या बाहेरच्या बाजूला ठणका लागतो आणि गवंड्याच्या हातातून थापी निसटू लागते, सुताराला रंधा ओढवत नाही, शिंप्याची कात्री अडते, पोळी-भाजी केंद्रात दिवसभर पोळ्या लाटणाऱ्या भगिनीला लाटणे धरणे नकोसे होते. क्ष-किरण चित्रात बहुधा काही दिसत नाही. सूज नसते, ताप नसतो. त्यामुळे घरच्या मंडळींनाही दुखण्याची तीव्रता उमगत नाही. मजुरी मात्र बुडत राहते.

असा रुग्ण विभागात आला की तज्ज्ञ त्याचे कोपर तपासतात आणि नंतर मानही तपासतात. कित्येक नातेवाइकांना याचे नवल वाटते. ‘दुखते कोपर आणि हात लावतात मानेला, हे कसे?’ हा प्रश्न आम्हांला वारंवार विचारला जातो. देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे कुटुंबीय यांना या उपचारामागील शास्त्र समजावे, त्याचा लाभ आणि त्याची मर्यादा या दोन्ही बाजू कळाव्यात, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

टेनिस न खेळणाऱ्यांचा ‘टेनिस एल्बो’

या विकाराला सर्वत्र ‘टेनिस एल्बो’ म्हणतात. महाराष्ट्रात हे नाव घरोघरी पोहोचले ते २००४ साली. त्या वर्षी सचिन तेंडुलकर यांना डाव्या कोपराच्या या दुखण्यामुळे ऑस्ट्रेलियाविरुद्धचे पहिले दोन कसोटी सामने खेळता आले नाहीत. पुढे मे २००५ मध्ये लंडन येथे त्यांच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. मात्र विकाराचे पहिले वैद्यकीय वर्णन खेळाडूंच्या संदर्भात झालेले नव्हते. १८७३ साली रुंगे या जर्मन वैद्यांनी ते लेखनाचे काम करणाऱ्यांच्या हाताच्या व्याधीसंदर्भात केले. ‘लॉन टेनिस एल्बो’ हे नाव १८८३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापले गेले आणि तेच रूढ झाले.

प्रौढ लोकसंख्येपैकी सुमारे १ ते ३ टक्के व्यक्तींना हा त्रास होतो. साधारणपणे पस्तिशी ते पंचावन्न या वयात, म्हणजे कुटुंबाची जबाबदारी खांद्यावर असतानाच, तो उद्भवतो. यांतील बहुसंख्य रुग्णांनी टेनिसची रॅकेट कधी हातात धरलेली नसते. मूठ आवळून मनगट पुनःपुन्हा उचलावे वा फिरवावे लागणारे कोणतेही काम त्यास कारणीभूत होऊ शकते. पाना आवळणे, रंगाचा ब्रश चालवणे, कपडे पिळणे, पोळ्या लाटणे, तासन् तास संगणकाचा माउस हाताळणे ही त्याची नित्याची उदाहरणे होत.

नेमके दुखते काय?

दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाला, कोपराच्या बाहेरच्या अंगास, एक उंचवटा हाताला लागतो. मनगट आणि बोटे वर उचलणारे स्नायू या उंचवट्यापासून सुरू होतात. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोरीसारख्या भागास ‘कंडरा’ म्हणतात. वस्तू पकडताना मनगट स्थिर ठेवण्याचे काम या स्नायूंना करावे लागते. म्हणून साधी पाण्याची बादली उचलतानाही या कंडरेवर ताण येतो.

पूर्वी असे मानले जाई की या कंडरेला दाह होतो. म्हणून दाह कमी करणारी औषधे हाच प्रमुख उपचार होता. १९७९ साली अमेरिकेतील निर्शल आणि पेट्रोन या शल्यविशारदांनी शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेल्या कंडरेच्या तुकड्यांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुनाट दुखण्यात दाहाच्या पेशी फारशा नसतात. तंतूंची रचना विस्कटलेली असते आणि त्यांत नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या शिरलेल्या असतात, असे या व पुढील संशोधनातून स्पष्ट झाले. थोडक्यात, ही अर्धवट राहिलेली डागडुजी आहे. अशा ऊतीला पुन्हा बळकट व्हायचे तर तिच्यावर मोजूनमापून, हळूहळू वाढता भार यावा लागतो. केवळ विश्रांतीने ते साधत नाही.

इंजेक्शनचा तातडीचा आराम

रोजंदारी बुडत असलेल्या माणसाला लवकर आराम हवा असतो. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने तो मिळतोही. म्हणूनच पुढील आकडे प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावेत.

नेदरलँड्समधील १८५ रुग्णांवरील एक अभ्यास २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनंतर इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९२ टक्के, भौतिकोपचार घेतलेल्यांपैकी ४७ टक्के आणि केवळ सल्ला घेऊन वाट पाहणाऱ्यांपैकी ३२ टक्के रुग्णांना बरे वाटत होते. वर्षअखेर हे चित्र उलटले. इंजेक्शनच्या गटात ६९ टक्के, भौतिकोपचाराच्या गटात ९१ टक्के आणि वाट पाहणाऱ्यांत ८३ टक्के रुग्ण बरे होते. म्हणजे काहीही न करणाऱ्यांची स्थितीही इंजेक्शन घेणाऱ्यांपेक्षा चांगली ठरली.

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे १९८ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसले. इंजेक्शनने आरंभी बरे वाटलेल्या ६५ रुग्णांपैकी ४७ जणांचे दुखणे पुन्हा उलटले. २०१३ साली १६५ रुग्णांवरील आणखी एका अभ्यासात स्टेरॉइडच्या गटात ५४ टक्के रुग्णांना दुखणे पुन्हा जडले, तर औषधविरहित आभासी इंजेक्शन घेतलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होते. एखाद्या रुग्णाला डॉक्टरांनी विचारपूर्वक इंजेक्शन दिले असेल तर त्याविषयी येथे आक्षेप नाही. मात्र ‘दुखले की इंजेक्शन’ हा परिपाठ हितावह नाही, इतके या आकड्यांवरून निश्चित म्हणता येते.

मानेकडे लक्ष कसे वेधले गेले?

काही रुग्णांना कोपरावरील सर्व उपचार करूनही उतार पडत नाही. अशा रुग्णांचा मागोवा कॅनडातील गन आणि मिलब्रँट या वैद्यांनी घेतला. कोपरावर चार आठवडे उपचार करूनही बरे न झालेल्या ५० रुग्णांच्या मानेवर त्यांनी उपचार केले आणि त्यांतील बहुतेकांना आराम पडला, असे त्यांनी १९७६ साली नोंदवले. तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने हा पुरावा निर्णायक नव्हता. परंतु त्याने विचाराला एक नवी दिशा दिली.

२००८ साली स्वीडनमधील संशोधकांनी कोपराच्या बाहेरील बाजूस वेदना असलेल्या ३१ व्यक्तींची तुलना तसा त्रास नसलेल्या ३१ व्यक्तींशी केली. पहिल्या गटातील ७० टक्के व्यक्तींना मानेत वा पाठीच्या वरच्या भागातही वेदना होती, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण १६ टक्के होते.

असे का व्हावे? मानेत सात मणके आहेत. त्यांच्या मधल्या फटींतून मज्जातंतूंची मुळे बाहेर पडतात आणि एकत्र गुंफून हातात उतरतात. पाचव्या व सहाव्या, तसेच सहाव्या व सातव्या मणक्यांमधून निघणारी मुळे कोपराच्या बाहेरील भागाशी आणि मनगट उचलणाऱ्या स्नायूंशी निगडित आहेत. विजेच्या दिव्याचा बिघाड कधी दिव्यात असतो, तर कधी भिंतीतल्या तारेत असतो. त्याचप्रमाणे क्वचित कोपरातील वेदनेचा मूळ उगम मानेत असतो. मात्र बहुसंख्य रुग्णांत दोष कोपरातच असतो आणि मान त्या वेदनेत भर घालत असते.

यास आणखी एक कारण आहे. दुखणे महिनोन् महिने चालले की मज्जारज्जूतील वेदनावाहक यंत्रणा अतिसंवेदनशील होते. मग कंडरेकडून आलेला लहानसा संदेशही तीव्र वेदना म्हणून जाणवतो. जुनाट कोपरदुखीच्या रुग्णांत निरोगी वाटणारा दुसरा हातही दाब कमी सहन करतो, असे तपासणीत आढळले आहे. अशा वेळी केवळ कोपरावर लक्ष केंद्रित करणे अपुरे ठरते.

हाताच्या हालचालीने वेदना कशी शमते?

मणक्यांवरील हस्तोपचार म्हणजे प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञाने आपल्या हातांनी विशिष्ट मणक्याला विशिष्ट दिशेने, मोजक्या जोराने दिलेली हालचाल. या विद्येची आधुनिक बांधणी ऑस्ट्रेलियात जेफ्री मेटलँड यांनी केली. हालचालीचा जोर आणि आवाका यांनुसार त्यांनी तिच्या श्रेणी ठरवल्या. पहिल्या चार श्रेणींत सावकाश, लयबद्ध हेलकावे असतात. यांत रुग्ण केव्हाही ‘थांबा’ म्हणू शकतो. त्यापलीकडची श्रेणी झटक्याची असते. कोपरदुखीसाठी ज्या पद्धतीचा सर्वाधिक अभ्यास झाला, ती ऑस्ट्रेलियातीलच रॉबर्ट एल्व्ही यांनी रूढ केलेली मानेच्या मणक्याची पार्श्वसरक, म्हणजे मणका हळुवारपणे एका बाजूस सरकवण्याची क्रिया होय. तीत झटका नसतो.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात व्हिसेन्झिनो व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९९६ साली ‘पेन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात १५ रुग्ण होते. प्रत्येक रुग्णाला वेगवेगळ्या दिवशी एकदा खरा उपचार, एकदा केवळ मानेवर हात ठेवण्याचा आभासी उपचार आणि एकदा काहीच नाही, असे तीन अनुभव देण्यात आले. खऱ्या उपचारानंतर रुग्णांचे कोपर अधिक दाब सहन करू लागले आणि वेदना सुरू होण्याआधी त्यांना मूठ अधिक जोराने आवळता आली. हे घडताना कोपराला कोणीही स्पर्श केलेला नव्हता.

याच गटाने १९९८ साली २४ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात वेदना कमी होण्याबरोबरच त्वचेतील रक्तप्रवाह, घाम, हृदयाची गती यांसारख्या अनैच्छिक क्रियांतही बदल नोंदवला. यावरून असे मानले जाते की मानेच्या सांध्यांतून गेलेला संदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या वेदना-नियंत्रण केंद्रांना जागृत करतो आणि तेथून खाली येणारा आदेश वेदनेचा आवाज कमी करतो. ‘मणका सरकला होता, तो जागेवर बसवला’ हे लोकप्रिय स्पष्टीकरण या संशोधनात कोठेही बसत नाही. मणका जागचा हललेला नसतो.

लाभ किती आणि मर्यादा कोणती?

अमेरिकेत क्लेलँड व सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासून २००४ साली निष्कर्ष मांडले. केवळ कोपरावर उपचार झालेले आणि कोपरासह मानेवरही उपचार झालेले अशा दोन्ही गटांत बरे होणाऱ्यांचे प्रमाण मोठे होते. परंतु मानेवरही उपचार झालेल्यांना कमी खेपा कराव्या लागल्या. ज्या रुग्णाला एका खेपेसाठी एसटीचे भाडे आणि अर्ध्या दिवसाची मजुरी मोजावी लागते, त्याच्या दृष्टीने खेपांची ही बचत लहान नाही. मात्र जुन्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष सूचक मानायचा असतो. २०१३ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. व्यायाम आणि हाताच्या हस्तोपचाराला जोड म्हणून मान व पाठीच्या वरच्या मणक्यांवरील उपचार अल्प व मध्यम मुदतीत उपयुक्त ठरतो, यास मध्यम दर्जाचा पुरावा आहे, असे त्यांनी नमूद केले.

‘जोड म्हणून’ हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. या विषयावरील प्रयोग लहान आहेत आणि त्यांतील बरेचसे उपचारानंतरच्या काही तासांचा वा दिवसांचा विचार करतात. मानेवरील हस्तोपचाराने कंडरेची झीज भरून निघत नाही. वेदनेची जी उसंत मिळते, तिचा उपयोग करून रुग्णाला व्यायाम करता येतो, हा त्याचा खरा लाभ होय. व्यायाम वगळून केवळ मानेवर उपचार घेत राहणे म्हणजे पेरणी न करता नुसतीच नांगरट करण्यासारखे आहे.

विभागात प्रत्यक्ष काय केले जाते?

प्रथम रुग्णाचे काम, सवयी आणि दुखण्याचा काळ यांची सविस्तर विचारपूस होते. मग मूठ आवळून मनगट वर उचलावयास सांगितले जाते आणि तज्ज्ञ वरून दाब देतात. या वेळी कोपराच्या उंचवट्याशी ओळखीची कळ उठली तर निदानास पुष्टी मिळते. वेदना सुरू होईपर्यंत पकडीचे बळ किती, हे यंत्राने मोजून लिहून ठेवले जाते. पुढे प्रगती मोजण्यास हाच आकडा उपयोगी पडतो.

त्यानंतर मानेची तपासणी होते. मान सर्व दिशांना किती वळते, वळवताना हातात कळ किंवा मुंग्या उतरतात का, बोटांची संवेदना व स्नायूंची ताकद दोन्ही बाजूंस सारखी आहे का, कोणत्या मणक्याशी दाबले असता दुखते, हे पाहिले जाते. मान निर्दोष आढळली तर तिच्यावर उपचार करण्याचा आग्रह धरला जात नाही.

उपचाराच्या वेळी रुग्ण उताणा झोपतो. तज्ज्ञ त्याचे डोके व मान दोन्ही हातांनी अलगद तोलून धरतात आणि ठरावीक मणका दुखणाऱ्या हाताच्या विरुद्ध दिशेस हळुवार, लयबद्धपणे सरकवतात. साधारण अर्धा मिनिट हालचाल, मग विश्रांती, असे तीनदा केले जाते. त्यानंतर पकडीचे बळ पुन्हा मोजतात. फरक पडला तर पुढील खेपांत हा उपचार व्यायामाच्या आधी दिला जातो. दोन-तीन खेपांनंतरही फरक दिसला नाही तर तो बंद करून अन्य मार्ग अवलंबले जातात.

‘मान मोडून घेणे’ म्हणजे हस्तोपचार नव्हे

केशकर्तनालयात दाढीनंतर मान मोडून घेण्याची सवय आपल्याकडे सर्रास आढळते. ‘कडाड्’ असा आवाज आला की मोकळे वाटते, हे खरे. परंतु मानेतून मेंदूला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या मणक्यांतील छिद्रांतून वर जातात. तपासणीवाचून दिलेल्या जोरदार झटक्याने या रोहिणीच्या आतील अस्तरास इजा होऊन पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. असे प्रसंग विरळा असले तरी त्यांची किंमत आयुष्यभराची असते. म्हणून अप्रशिक्षित हातांकडून मान मोडून घेऊ नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

पुढील व्यक्तींनी डॉक्टरांच्या तपासणीवाचून मानेवर कोणताही हस्तोपचार घेऊ नये : संधिवाताभ (ऱ्हुमॅटॉइड) संधिवाताचे रुग्ण, हाडे ठिसूळ झालेल्या वा दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्ती, कर्करोग अथवा मणक्याच्या क्षयरोगाचा इतिहास असलेले, नुकताच अपघात झालेले, आणि भोवळ, दुहेरी दिसणे, बोलताना वा गिळताना अडखळणे अशी लक्षणे असलेले.

तसेच हातातील ताकद झपाट्याने कमी होणे, चालताना तोल जाणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, रात्री झोपमोड करणारी सततची वेदना, ताप किंवा वजनात घट ही लक्षणे आढळल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवावे. डाव्या हातातील वेदनेबरोबर छातीत दडपण वा दम लागणे असेल तर भौतिकोपचार विभागाची वाट न धरता थेट तातडीच्या विभागात जावे.

मुख्य औषध : व्यायाम

विभागात शिकवलेला व्यायाम घरी नियमाने करणे हे रुग्णाचे निम्म्याहून अधिक काम आहे. सर्वसाधारण पद्धत अशी : कोपर ते मनगट हा भाग टेबलावर टेकवावा, तळहात जमिनीकडे ठेवावा आणि पंजा कडेबाहेर राहू द्यावा. हातात पाण्याची अर्धा लिटरची बाटली धरावी. दुसऱ्या हाताच्या आधाराने मनगट वर न्यावे आणि आधार काढून ते चार-पाच अंक मोजत सावकाश खाली आणावे. दहा ते पंधरा वेळा केल्यावर थोडे थांबून असे तीन फेरे करावेत. भार केव्हा व किती वाढवावा, हे तज्ज्ञ ठरवतील. व्यायामाच्या वेळी किंचित दुखणे स्वाभाविक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते ओसरले नाही तर भार कमी करावा. पहिल्या दिवसांत हेही जमत नसेल तर मनगट न हलवता केवळ मूठ ताणून धरण्याचा व्यायाम दिला जातो.

कामाच्या पद्धतीतही लहान बदल करावेत. पिशवी वा बादली उचलताना तळहात वर अथवा शरीराकडे असावा. अवजाराची मूठ बारीक असेल तर तीवर कापड गुंडाळून ती जाड करावी. पोळ्या लाटताना ओटा कमरेच्या उंचीचा असावा आणि मध्ये मध्ये हात मोकळे करावेत. कपडे पिळण्याऐवजी निथळत ठेवावेत. मान खाली घालून मोबाइल पाहण्याची सवय कमी करावी.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एमआरआय काढावा लागतो का?
बहुतेक रुग्णांना लागत नाही. विचारपूस आणि हाताने केलेली तपासणी यांवरून निदान होते. चाळिशीनंतर मानेच्या चित्रांत झिजेच्या खुणा अनेक निरोगी व्यक्तींतही दिसतात. त्यांनी घाबरून जाऊ नये.

काम पूर्ण बंद करावे काय?
बहुधा नाही. ज्या हालचालीने तीव्र कळ येते तेवढी टाळावी आणि बाकीचे काम चालू ठेवावे. हात पूर्ण जायबंदी ठेवल्यास कंडरा अधिक दुबळी होते.

कोपराखाली बांधायचा पट्टा उपयोगी आहे का?
काही रुग्णांना काम करताना त्याने आराम पडतो. तो दिवसभर बांधून ठेवू नये आणि व्यायामाला पर्याय समजू नये.

किती दिवसांत बरे वाटेल?
सहा ते बारा आठवडे नियमित व्यायाम केल्यावर बहुतेकांना स्पष्ट फरक जाणवतो. वर्षभरात बहुसंख्य रुग्ण बरे होतात. शस्त्रक्रियेची गरज थोड्यांनाच पडते आणि तिचा विचार सहा ते बारा महिन्यांच्या योग्य उपचारांनंतरच करावयाचा असतो.

देणगीदारांना निवेदन

१९५२ साली मुंबईत पोलिओची तीव्र साथ आली. लुळ्या पडलेल्या बालकांना पुन्हा उभे करण्याच्या निकडीतून १९५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण देणारी देशातील पहिली संस्था सुरू झाली. त्या काळी तज्ज्ञांपाशी यंत्रे थोडी होती. प्रशिक्षित हात आणि चिकाटी हेच त्यांचे भांडवल होते.

कोपरदुखीच्या बाबतीत आजही स्थिती फारशी निराळी नाही. यंत्राने दिलेल्या अल्ट्रासाउंडच्या शेकापेक्षा ताण देण्याचे आणि बळ वाढवण्याचे व्यायाम अधिक उपयुक्त ठरतात, असे पूर्वी उल्लेखिलेल्या २०१३ च्या आढाव्यात नमूद आहे. येथे रुग्णाला हवा असतो तो तज्ज्ञाचा अर्धा तास. त्या अर्ध्या तासात मान व कोपर तपासले जातात, व्यायाम शिकवला जातो, तो नीट होतो की नाही हे पाहिले जाते आणि ‘हे बरे होणारे दुखणे आहे’ असा धीर दिला जातो. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हाच अर्धा तास सर्वांत दुर्मीळ असतो.

यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, अर्ध्या तासावर ते कोरता येत नाही. तरीही भौतिकोपचारतज्ज्ञाच्या वेतनासाठी, त्यांच्या पुढील प्रशिक्षणासाठी आणि गरजू रुग्णांच्या प्रवासखर्चासाठी दिलेले साहाय्य थेट रुग्णाच्या हातात पोहोचते. ज्यांचे हातावर पोट आहे, त्यांचे हात पुन्हा कामाला लागणे हीच त्या साहाय्याची पावती होय. कोपरदुखीने त्रस्त असलेला आपला एखादा आप्त वा शेजारी असेल, तर त्याला इंजेक्शनची घाई करण्याआधी, आणि मान मोडून घेण्याआधी, एकदा योग्य तपासणी करून घेण्यास सांगावे, ही नम्र विनंती.